‘पानी’ आणि ‘पाणी’

रंगमंचावर पात्र आलं की नाव कळण्याआधीच आपण त्याचे कपडे पाहतो, दोन वाक्यं ऐकतो आणि त्याची पायरी ठरवून टाकतो. ही सवय जुनी आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोले. राणी, दासी, इतकंच काय, ब्राह्मण असलेला विदूषकही प्राकृत बोले. ‘मृच्छकटिका’तला शकार राजाचा मेहुणा, पण ‘स’च्या जागी ‘श’ म्हणतो आणि हसं करून घेतो.

१९७५ साली पु. ल. देशपांडे यांचं ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आलं. मूळ नाटक बर्नार्ड शॉ यांचं ‘पिग्मॅलियन’, १९१३ सालचं. भक्ती बर्वे यांची मंजुळा फुलं विकते. तिला ‘शुद्ध’ बोलायला शिकवून मोठ्या घरची म्हणून खपवायची, अशी प्राध्यापकाची पैज. उच्चार बदलतो, कपडे बदलतात आणि लोक मान देऊ लागतात. तिची हुशारी आणि जिद्द तर आधीपासूनच होती! पैज संपल्यावर ती जुन्या वस्तीत परकी आणि दिवाणखान्यात उसनी ठरते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून यातली गंमत रोज दिसते. मराठीत ‘पानी’ म्हटलं की माणूस अडाणी. उर्दूत मात्र ‘पानी’च बरोबर. उलट उर्दूवाले ‘शीन-काफ’ तपासतात आणि आमच्या दखनीला नाक मुरडतात. मग शुद्ध ते काय? ज्याच्या हातात मान, त्याचा उच्चार शुद्ध.

लोणी भापकरसारख्या गावात मुसलमान पोरगं घरी दखनी, पारावर ‘आलतो-गेलतो’ची मराठी आणि वर्गात पुस्तकी मराठी बोलतं. नाटक-सिनेमातला मुसलमान मात्र बऱ्याचदा जाळीची टोपी, गळ्यात ताईत आणि मोडकी हिंदी-मराठी एवढाच असतो. म्हणूनच चांगलं मराठी बोललं की आम्हाला ऐकावं लागतं, “तुम्ही मुसलमान वाटत नाही.” आपल्या शेजारच्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठीतच गायले. हे मुसलमान मराठी रंगमंचावर किती वेळा दिसले?

प्रमाण मराठी मी मन लावून शिकवतो, कारण परीक्षा, अर्ज आणि मुलाखत तिच्यावरच अडते. पण ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला वर्गात कुणी हसलं, तर तास तिथेच थांबवतो. हसू झालेलं पोर पुन्हा हात वर करत नाही. गप्प बसलेल्या पोराला मग कुठलीच भाषा येत नाही.