हिरडीवरील शस्त्रकर्म : काल आणि आज

दात दुखू लागला की आपण वैद्याकडे धावतो. परंतु हिरडीतून रक्त आले तर चूळ भरून स्वस्थ बसतो. प्राचीन शल्यशास्त्राने हिरडीची अशी उपेक्षा केली नव्हती. सुश्रुतसंहितेत दंतमूलांचे रोग स्वतंत्रपणे वर्णिले असून, शेवटच्या दाढेपाशी वाढणाऱ्या ‘अधिमांसा’चा छेद करण्यास सांगितले आहे. त्यानंतर वेखंड, पाठा, यवक्षार इत्यादींचे चूर्ण मधातून लावावे, पिंपळी व मध यांची गुळणी धरावी, कडू पडवळ, त्रिफळा व निंब यांच्या काढ्याने मुख धुवावे, असा विधी आहे. शस्त्राइतकेच महत्त्व शुश्रूषेला दिलेले आहे.

युरोपात १८८४ मध्ये रोबिचेक यांनी रोगट हिरडी कापून काढण्याची पद्धती मांडली. १९५० मध्ये अमेरिकेत गोल्डमन यांनी हिरडीला नैसर्गिक आकार देण्याच्या शस्त्रक्रियेचे विवेचन केले. अन्नकण अडकू नयेत व दात स्वच्छ राखता यावेत, हा त्यामागील हेतू.

खानापूर तालुक्यातील गुंजीहून आगगाडीने बेळगाव गाठता येते आणि तेथे १९८५ पासून दंतवैद्यक महाविद्यालय आहे. तेव्हा उपचार आता दूर नाही. दूर सारावयाची आहे ती मिश्री. हिरडीचा वरचा थर एक-दोन आठवड्यांत धरतो, परंतु आतील भाग भरून येण्यास महिना-दीड महिना लागतो. या अवधीत निपाणीच्या शेतातली तंबाखू तोंडात गेली, तर जखम रेंगाळते व शल्यवैद्याचे कौशल्य वाया जाते. सुश्रुताचा विधी आज बदलला आहे. शस्त्रानंतर पथ्य पाळण्याचा त्याचा दंडक मात्र बदललेला नाही.