जीर्ण वस्त्र ते ‘व्हिंटेज’ : पॅरिसमधील १९७१ च्या एका वादाच्या निमित्ताने

बीजशब्द : वेशभूषेचा इतिहास, जुनी वस्त्रे, व्हिंटेज, सामूहिक स्मृती, प्रतिष्ठा

प्रस्तावना

१० जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे सदबीज या लिलावगृहाने काळ्या चामड्याची एक जुनी पर्स सुमारे ८६ लाख युरोंना विकली. एर्मेस या फ्रेंच कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास जेन बर्किन या अभिनेत्री-गायिकेसाठी बनवलेली ती पहिली ‘बर्किन’ पर्स होय. बर्किन यांनी ती काही वर्षे रोजच्या वापरात ठेवली आणि १९९४ मध्ये एड्सविषयक कार्याच्या मदतीसाठी लिलावास दिली. तिच्या चामड्यावर ओरखडे आहेत, चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणा आहेत, पट्ट्याला साधे नेलकटर अडकवलेले आहे. त्याच नावाच्या कोऱ्या करकरीत पर्सला एवढी किंमत कधीही येणार नाही. किंमत आली ती वापराच्या खुणांना, आणि त्या खुणा कोणाच्या हातच्या आहेत याला.

जुन्या पर्सेस, आईच्या किंवा आजीच्या कपाटातील वस्त्रे आजच्या पोशाखाबरोबर मिरवणे ही गेल्या काही दशकांत प्रतिष्ठेची बाब झाली आहे. या आवडीची कारणे देताना सामान्यतः जुन्या कारागिरीचा टिकाऊपणा आणि पर्यावरणाची काळजी यांचा उल्लेख केला जातो. ती कारणे खोटी नाहीत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे त्यांनी समाधान होत नाही. दुसऱ्याने वापरलेले वस्त्र अंगावर घालणे ही शतकानुशतके गरिबीची खूण होती. ती खूण पुसली कशी, आणि कोणासाठी पुसली गेली, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः एका घटनेच्या आधारे करावयाचा आहे. ती घटना म्हणजे पॅरिसमध्ये १९७१ साली जुन्या धर्तीच्या कपड्यांवरून उठलेले वादळ. शेवटी हाच प्रश्न महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला लावून पाहिला आहे, कारण आपल्याकडे ‘जीर्ण वस्त्र’ या शब्दाला एक वेगळाच आणि जड इतिहास चिकटलेला आहे.

वापरलेल्या कपड्यांचा बाजार

यंत्रयुगापूर्वी कापड महाग आणि श्रम स्वस्त होते. त्यामुळे कापडाचा एकही तुकडा वाया जात नसे. युरोपात मालकिणीचा झगा दासीकडे, दासीकडून जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे, तेथून कामकऱ्याच्या घरी आणि अखेर चिंध्या होऊन कागदाच्या गिरणीत जाई. लाकडाच्या लगद्यापासून कागद होऊ लागेपर्यंत कागद चिंध्यांचाच असे. लंडनच्या टॉवरजवळचा ‘रॅग फेअर’ आणि पॅरिसमधील तांप्लचा बाजार ही या व्यवहाराची मोठी केंद्रे होती. हेन्री मेह्यू याने १९ व्या शतकाच्या मध्यास लंडनच्या श्रमिकांचे जे विस्तृत वर्णन केले, त्यात जुने कपडे विकत घेणाऱ्या फेरीवाल्यांना महत्त्वाचे स्थान आहे. या सर्व व्यवहाराची दिशा मात्र एकच होती. वस्त्र वरून खाली उतरत असे, खालून वर कधी जात नसे. शिवणयंत्र आले, तयार कपडे स्वस्त झाले, तेव्हा ज्याला नवे परवडत नाही तोच जुने घालतो हा अर्थ अधिकच पक्का झाला.

पर्सचा इतिहास याहून अलीकडचा आहे. अठराव्या शतकातील युरोपीय स्त्रिया घेरदार झग्याच्या आत कमरेला बांधलेले खिसे वापरीत. शतकाच्या अखेरीस तलम मलमलीचे सरळ झगे आले आणि आतील खिशांमुळे झग्याचा आकार बिघडू लागला. म्हणून खिसा बाहेर येऊन हातातील छोट्या बटव्यात रूपांतरित झाला. म्हणजे ज्या वस्तूला आज श्रीमंतीचे शिखर मानतात ती मुळात शिंप्यापुढील एका अडचणीतून जन्मली, आणि ज्या मलमलीने ती अडचण निर्माण केली त्या कापडाची कीर्ती बंगालच्या विणकरांची होती. असो.

२९ जानेवारी १९७१

इव्ह सें लोराँ हा १९६० च्या दशकातील सर्वांत गाजलेला फ्रेंच वेशरचनाकार. २९ जानेवारी १९७१ रोजी त्याने पॅरिसमध्ये आपला वसंत ऋतूचा संग्रह सादर केला. खांद्यांत गादी भरलेले कोट, गुडघ्यापर्यंतचे आखूड झगे, जाड तळांचे उंच जोडे, डोक्याला गुंडाळलेली फेट्यासारखी वस्त्रे, भडक लाल ओठ आणि हिरव्या रंगाचा लोकरीदार आखूड कोट असे त्याचे स्वरूप होते. ही सारी १९४० च्या दशकाची धाटणी होती. तिची प्रेरणा त्याला मिळाली पालोमा पिकासो या मैत्रिणीकडून. चित्रकार पिकासोची ही कन्या तेव्हा जेमतेम एकविशीची होती, आणि जुन्या बाजारातून १९४० च्या दशकातील कपडे विकत घेऊन ती हौसेने घालीत असे. वस्त्राचा प्रवास येथे प्रथमच उलटा झाला असे म्हणता येईल. जुन्या बाजारातील गाठोडे थेट पॅरिसच्या सर्वांत महागड्या शिवणगृहात पोहोचले.

पत्रकारांनी या संग्रहावर कडाडून टीका केली. अमेरिकन व फ्रेंच वृत्तपत्रांनी त्यास कुरूप ठरविले, अभिरुचीहीन ठरविले. पुढे तो ‘बदनाम संग्रह’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. कपड्यांच्या एका प्रदर्शनावर एवढा संताप का व्हावा, हे समजण्यासाठी १९४० ते १९४४ या काळाकडे पाहिले पाहिजे.

जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले आणि ऑगस्ट १९४४ पर्यंत ते शहर त्यांच्या ताब्यात राहिले. कातड्याचा साठा युद्धासाठी वळविला गेल्याने जोड्यांना लाकडाचे व बुचाचे तळ लावावे लागले; जाड तळांची ‘फॅशन’ ती हीच. १९४१ पासून कापडावर कूपनपद्धती आली. टोपीसाठी साहित्य मिळेना, केस धुण्यास-वळविण्यास साबण व वीज पुरेना, म्हणून डोक्याला कापड गुंडाळण्याची रीत पडली. पेट्रोल नसल्याने लोक सायकलीवर आले आणि हात मोकळे राहावेत म्हणून खांद्यावर अडकविण्याच्या मोठ्या पिशव्या स्त्रियांत रूढ झाल्या. १९७१ च्या प्रेक्षकांना जी शैली दिसली ती त्यांच्यापैकी अनेकांच्या लेखी मुळी शैलीच नव्हती, ती टंचाई होती. कदाचित त्याहूनही बोचरी आठवण मुक्तीनंतरच्या आठवड्यांची असावी. शत्रूशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून फ्रान्समध्ये अंदाजे २०,००० स्त्रियांचे केस भर चौकात भादरण्यात आले होते. डोक्याला गुंडाळलेले कापड पाहून १९४४ चा उन्हाळा ज्यांना आठवला त्यांना दोष देता येत नाही.

सें लोराँचा जन्म १९३६ चा, तोही अल्जीरियातील ओरान शहरी. युद्धकाळातील पॅरिस त्याने पाहिलेच नव्हते. त्याच्या मनात त्या काळाचे चित्र होते ते आईच्या नटण्याचे. पालोमा पिकासोचा तर जन्मच १९४९ चा. तेव्हा भांडण दोन अभिरुचींचे नव्हतेच. एका पिढीला ज्या वस्त्रात लाचारी दिसत होती, त्याच वस्त्रात दुसऱ्या पिढीला केवळ एक सुरेख रेषा दिसत होती.

या घटनेचा आणखी एक संदर्भ वेशभूषेच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे मांडला जात नाही. मार्सेल ऑफ्युल्स याचा, जर्मन ताब्यातील क्लेर्माँ-फेराँ शहरावरचा दीर्घ अनुबोधपट त्याच १९७१ सालच्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या चित्रपटगृहात लागला. सगळा फ्रान्स प्रतिकारासाठी उभा ठाकला होता या युद्धोत्तर समजुतीला त्याने तडा दिला. फ्रेंच दूरचित्रवाणीने मात्र तो १९८१ पर्यंत दाखविला नाही. दुसऱ्याच वर्षी रॉबर्ट पॅक्स्टन या अमेरिकन इतिहासकाराचा व्हिशी राजवटीवरील ग्रंथ आला. झाकून ठेवलेली चार वर्षे उघडी पडण्याचा तो काळ होता, आणि त्या उघडण्याची पहिली चुणूक एका वस्त्रप्रदर्शनात दिसली. अर्थात सें लोराँला इतिहासाची चिकित्सा करावयाची होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याला तरुण मुलींना आवडेल असे काही करावयाचे होते, आणि त्या मुलींना ते आवडले. टीका होऊनही थोड्याच काळात गादीचे खांदे आणि जाड तळ रस्तोरस्ती दिसू लागले आणि फ्रेंच भाषेत ‘रेट्रो’ हा शब्द रुळला. २०१५ मध्ये याच बदनाम संग्रहाचे गौरवपूर्ण प्रदर्शन पॅरिसमध्ये भरले. तोवर ज्यांना राग आला होता त्यांच्यापैकी बहुतेक जण हयात नव्हते.

विसरण्याची सोय

जुन्या वस्त्रास प्रतिष्ठा मिळण्यासाठी नुसता काळ लोटून चालत नाही; ते वस्त्र नाइलाजाने ज्यांनी वापरले त्यांचा शब्द दुर्बल व्हावा लागतो, असे १९७१ चे उदाहरण सुचविते. पर्सच्या बाबतीत हे फारच सहज घडते. शानेल हिने फेब्रुवारी १९५५ मध्ये साखळीचा पट्टा असलेली, खांद्यावर अडकविण्याची पर्स आणली, ‘२.५५’ हे तिचे नाव त्या महिन्यावरून व वर्षावरून पडले. २००५ साली पन्नाशीनिमित्त कंपनीने तिची मूळ धर्तीची आवृत्ती पुन्हा बाजारात आणली, आणि जुन्या प्रतींनाही मोठी मागणी आहे. युद्धकाळात शानेल रिट्झ हॉटेलात राहत होती आणि एका जर्मन अधिकाऱ्याशी तिचे निकटचे संबंध होते, ही गोष्ट चरित्रकारांनी सविस्तर नोंदविली आहे. परंतु तिची जुनी पर्स खांद्याला लावताना ती कोणास आठवत नाही. पर्सवर तो काळ दिसत नाही. दिसते ती फक्त शिवण. पुढे कंपन्यांनीच आपापला भूतकाळ विक्रीस काढला. डिओरने २०१८ मध्ये खोगिराच्या आकाराची आपली जुनी पर्स, फेंडीने २०१९ मध्ये १९९७ ची ‘बगेट’ आणि गुचीने २०२० मध्ये ‘जॅकी’ पुन्हा आणली. ‘व्हिंटेज’ हा शब्द मुळात द्राक्षांच्या सुगीचा व मद्याचा. मद्याला वर्ष असते, जमीन असते, मालकाचे नाव असते. तांप्लच्या बाजारातील गाठोड्याला यांतले काहीच नव्हते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

आपल्याकडे या प्रश्नाचे स्वरूप अधिक कठोर आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्रास उरलेले अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे, आणि चांडाळांना प्रेतांवरील वस्त्रे नेमून दिली आहेत. गावगाड्यात महारांच्या हक्कांमध्ये प्रेतावरील कापडाचा समावेश असे. याला ‘हक्क’ म्हणत, हे विशेष. युरोपात जुने वस्त्र गरिबीमुळे अंगावर येई. येथे ते जन्मामुळे येत असे, आणि जवळ पैसा असला तरी चांगले वस्त्र नेसणे हा उद्धटपणा ठरे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर केलेले भाषण वेशभूषेच्या इतिहासातील महत्त्वाचे साधन आहे. लुगडे वरिष्ठ मानलेल्या स्त्रियांप्रमाणे नेसावे, जातीची ओळख पटविणारे गळ्यातील व हातातील दागिन्यांचे ओझे टाकावे, असे त्यांनी सांगितले. वस्त्र ठिगळाचे असले तरी चालेल, ते स्वच्छ असावे, हेही त्यांनी सांगितले. येथे जुनेपणाला विरोध नाही. स्वतःच्या ठिगळाला मान आहे. दुसऱ्याने ठरवून दिलेल्या खुणेला नकार आहे. पॅरिसच्या वादात अस्पष्ट राहिलेला भेद महाडच्या त्या भाषणात लख्ख दिसतो, आणि तोही त्रेचाळीस वर्षे आधी.

मध्यमवर्गीय घरांत जुन्या साड्यांची वाट निराळी होती. काही गोधडीत गेल्या, काही बोहारणीच्या गाठोड्यात. प्रस्तुत लेखिकेच्या आईने आपल्या सासूची एक इरकल स्टीलच्या डब्यासाठी देऊन टाकली होती. आज त्याच इरकलीसाठी ती हळहळते आणि डबा मात्र अजून डाळीला वापरते. जरीच्या जुन्या पैठण्या तर आतील चांदीसाठी मोडीत निघत. आता तशी पैठणी हाती लागली तर तिचे काठ नव्या साडीला लावले जातात, किंवा ती तशीच संमेलनात नेसली जाते.

आमच्या महाविद्यालयातील वार्षिक संमेलनात एका वर्षी ‘आजीची साडी’ असा दिवस ठरला. कल्पना प्राध्यापकांचीच होती आणि ती सर्वांना गोड वाटली. तृतीय वर्षातील एक विद्यार्थिनी त्या आधी भेटावयास आली आणि म्हणाली, “मॅडम, आमच्या आजीची साडी नाही आमच्याकडे. होत्या त्या सगळ्या वाड्यावरून मिळालेल्या. आजीनं त्या जाळल्या, तेव्हा आई लहान होती.” तिला न येण्याची मोकळीक होती, पण ती आली. सुताची हिरवी साडी होती, बाजारातून त्याच आठवड्यात आणलेली. पदरावर दुकानातील घडीच्या रेषा अजून उमटलेल्या होत्या, आणि इस्त्री करून त्या मोडाव्यात असे तिला वाटले नव्हते.