'डिडन्ट वेन्ट'ची गोष्ट : इंग्रजी भूतकाळाचा भूतकाळ

आजचा भाग जरा घरगुती कारणावरून सुचलाय. गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाचा फोन आला. मराठी माध्यमातून शिकलेला पोरगा, यंदाच इंजिनीअरिंगला लागलाय. म्हणाला, "दादा, मी वर्गात बोलणंच बंद केलंय. परवा 'आय डिडन्ट वेन्ट' म्हणालो आणि सगळे हसले."

मी दोन मिनिटं गप्पच. कारण दहा वर्षांपूर्वी, पहिल्या सेमिस्टरच्या प्रेझेंटेशनमध्ये, मी अगदी हेच वाक्य बोललो होतो. हशा झाला, आणि पुढचे चार-पाच महिने मीही तोंड उघडलं नाही. प्रश्न येत असूनही विचारले नाहीत. एका क्रियापदापायी!

तर आज आपण याच चुकीच्या मुळाशी जाऊ या. गंमत अशी, की ती वाटते तितकी अडाणी चूक नाही.

आधी आपली भाषा बघा. मराठीत आपण म्हणतो, "मी गेलो नाही." यात भूतकाळ कुठे आहे? 'गेलो'मध्ये. नकार मागून येतो, क्रियापदाला हात न लावता. मराठी डोकं इंग्रजी बनवताना तेच करतं : 'गेलो' म्हणजे 'वेन्ट', मग 'डिडन्ट' जोडा. झालं!

आता इंग्रजीकडे या. शेक्सपिअर वारला 1616 साली. त्याच्या काळात नकार दोन्ही पद्धतींनी व्हायचा. एक आजचीच, 'आय डिड नॉट गो'. दुसरी जुनी, 'आय वेन्ट नॉट'. म्हणजे शब्दाला शब्द, "मी गेलो नाही"! पुढे 'डू'वाली पद्धत रुळली आणि जुनी मागे पडली. म्हणजे मामेभावाच्या डोक्यातली रचना इंग्रजांनीही वापरलेली आहे. फक्त त्याने जुनी आणि नवी अशा दोन पद्धती एकाच वाक्यात मिसळल्या.

आजचा नियम काय? भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच. 'डिड' आलं की खूण त्याच्या अंगावर गेली, मूळ क्रियापद मोकळं. आमच्या कोडिंगच्या भाषेत, फ्लॅग एकदा सेट झाला, परत करायचा नाही.

आता यातली आणखी एक मजा. 'वॉक्ड', 'प्लेड', 'वॉन्टेड' यांच्या शेवटी जो ड किंवा ट ऐकू येतो, तो आला कुठून? अनेक भाषाशास्त्रज्ञांना वाटतं, की तो जर्मॅनिक भाषांतल्या 'करणे' या अर्थाच्या क्रियापदाच्या भूतकाळातून आलाय. म्हणजे 'डिड'चाच जुना नातेवाईक. 'वॉक्ड' म्हणजे जणू 'चालणं केलं'.

पण ही पद्धत सगळ्या क्रियापदांना लागू नव्हती. जुन्या इंग्रजीत बरीच क्रियापदं आतला स्वर बदलून भूतकाळ दाखवत. आजची 'सिंग-सँग' आणि 'राइट-रोट' त्यांतलीच. 'हेल्प'चाही भूतकाळ तेव्हा 'हेल्प्ड' नव्हता. 'हॉल्प' असं रूप कित्येक शतकं चाललं, मग गेलं.

काही गेली, काही टिकली. असं का? 2007 साली हार्वर्डच्या एरेझ लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये याचा हिशोब मांडला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली 145 अनियमित राहिली, आज उरली 98. आणि नियम असा निघाला, की जे क्रियापद 100 पट कमी वापरलं जातं, ते 10 पट वेगाने नियमित होतं. रोज तोंडात असणारं टिकतं. कधीमधी लागणाऱ्याचं जुनं रूप लोक विसरतात आणि सरळ 'एड' लावून मोकळे होतात.

म्हणूनच 'बी', 'हॅव', 'डू', 'गो', 'से' ही सगळी वाकडी. नवशिक्याला पहिल्याच दिवशी हीच लागतात, आणि हीच सगळ्यात अवघड. हा काही कुणाचा कट नाही. रोजची आहेत म्हणूनच वाकडी राहिलीत.

आणि 'वेन्ट'? तो मुळात 'गो'चा नव्हेच! 'वेन्ड' नावाचं वेगळं क्रियापद होतं, त्याचा तो भूतकाळ. 'गो'चं जुनं भूतकाळी रूप मागे पडलं आणि त्या जागी हा पाहुणा येऊन बसला. आज त्यालाच लोक घरचा समजतात.

हसू नका, आपल्याकडेही हेच झालंय. 'जाणे' येतं संस्कृत 'याति'कडून, आणि 'गेला' येतो 'गत'कडून. दोन वेगळे धातू, एक संसार. 'करणे'चं 'केला' का? कारण ते थेट 'कृत'वरून उतरलंय. माझी भाची तीन वर्षांची असताना ठसक्यात म्हणायची, "मी करलं!" तिने 'बसलं', 'पडलं' ऐकून स्वतः नियम काढला होता आणि तो लावला. इंग्रज पोरंही अशीच 'गोड' म्हणतात, 'गो'ला 'एड' लावून.

याच गोष्टीवरून माझ्या क्षेत्रात मोठा वाद झाला. 1986 साली रूमेलहार्ट आणि मॅक्लेलँड यांनी एका छोट्या न्यूरल नेटवर्कला इंग्रजी भूतकाळ शिकवला. आधी 10 नेहमीची क्रियापदं, नंतर आणखी 410. आणि ते नेटवर्क लहान मुलांसारखंच चुकायला लागलं. आधी बरोबर येणारी रूपं मध्येच बिघडली, मग हळूहळू सुधारली. 1988 मध्ये पिंकर आणि प्रिन्स यांनी त्यावर सडकून टीका केली : मध्येच शब्दसंख्या एकदम वाढवलीत म्हणून ती घसरण दिसली, मुलांचं तसं नसतं. तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. पण मुलं अशी मध्येच घसरतात आणि सावरतात, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. अशी चूक म्हणजे नियम डोक्यात उतरत असल्याची खूण.

मग शिकवायचं कसं? आमच्या शाळेत तीन रकान्यांचा तक्ता पाठ करून घ्यायचे, अकारविल्हे. 'अराइज-अरोज-अरिझन'पासून सुरुवात! 'अराइज' मी आयुष्यात किती वेळा बोललोय? मामेभावाला मी उलटं सांगितलं. आधी रोजची वीस क्रियापदं घे. तक्ता नको, वाक्यं बोल. आणि प्रत्येक वाक्य तीनदा : होकार, नकार, प्रश्न. 'आय वेन्ट. आय डिडन्ट गो. डिड यू गो?' 'गो' परत मूळ रूपात येतं, हे जिभेला कळलं पाहिजे.

आणि त्याला एक गोष्ट मुद्दाम सांगितली. मराठीत तू गेलो, गेलास, गेली, गेले बरोबर बोलतोस. 'आंबा खाल्ला', 'भाकरी खाल्ली' म्हणताना खाल्लेल्या वस्तूचं लिंग बघून क्रियापद बदलतोस, तेही विचार न करता. इंग्रजीत 'वॉज-वेअर' सोडलं तर भूतकाळाचं एकच रूप सगळ्यांना चालतं. ज्याला हे अवघड जमतं, त्याला ते जमणार नाही?

परवा त्याचा मेसेज आला : "दादा, आज लॅबमध्ये शंका विचारली. एकदा चुकलो, पण प्रश्न पूर्ण केला."

मला ते त्या वयात जमलं नव्हतं. तुमच्या घरात, वर्गात असं कुणी गप्प बसलेलं असेल तर त्याला हा भाग नक्की ऐकवा. आणि पुढच्या वेळी कुणी 'डिडन्ट वेन्ट' म्हणालं, तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या. रूप मग हळूच सांगता येतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!