पडक्या तटावरील वसंत

सन १९४८ च्या सप्टेंबरांत फेइ मू याचा ‘लहानशा गांवांतील वसंत’ हा बोलपट शांघाय येथें पडद्यावर आला, तेव्हां चीनमध्यें यादवी युद्ध ऐन भरांत होतें. आदल्याच वर्षीं ‘वसंतांत नदी पूर्वेस वाहते’ या दोन भागांच्या भव्य चित्रपटानें प्रेक्षकांना रडवून सोडलें होतें. त्याच्यापुढें हा किती लहान! पात्रें अवघीं पांच, त्यांतील एक म्हातारा नोकर. आणि स्थळ म्हणजे युद्धांत मोडलेला एक वाडा व गांवाचा पडका तट.

लग्नाला आठ वर्षें झालेली यूवेन आजारी पतीची सेवा मुकाट्यानें करीत आहे. पतीचा जुना मित्र, एक डॉक्टर, पाहुणा म्हणून येतो. तोच तिचा पूर्वींचा प्रियकर. पुढें घडतें तें थोडकें. नणंदेचा वाढदिवस, चार घोट मद्य, फुटलेल्या कांचेनें रक्ताळलेला हात, पतीनें घेतलेल्या झोपेच्या गोळ्या. आणि डॉक्टर आला तसा निघून जातो.

डाव्या मताच्या टीकाकारांना हें रुचलें नाहीं. देश पेटला असतां हीं माणसें स्वतःचीं दुःखें कुरवाळीत बसलीं आहेत, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय. त्यांना सर्वस्वीं अरसिक ठरविणें अन्यायाचें होईल. चित्रांत खिन्नता आहे, आणि पुढचा मार्ग कोणी दाखवीत नाहीं, हें त्यांनीं बरोबर पाहिलें. परंतु तो तट कोणी पाडला, हें त्यांनीं विचारलें नाहीं. आठ वर्षांच्या जपानी युद्धानंतर माणसास येणारा थकवा हाही इतिहासच होय, आणि तो दाखविण्यास मंद गतीच लागते. फेइ मू एकाच प्रसंगांत, वेळ सरलेला नसतांही, एक दृश्य दुसऱ्यांत विरघळवितो. त्यामुळें क्षण जागच्या जागीं लांबतो. यूवेन आपली कथा स्वतः सांगते, आणि जें तिनें पाहिलेलें असणें शक्य नाहीं तेंही सांगते! पाहुणा अजून वाटेवर आहे, तोंच तिचा आवाज त्याचें येणें सांगूं लागतो. तिचें वाट पाहणें कधीं संपलेंच नव्हतें, हें येथें कळतें.

१९४९ च्या राज्यक्रांतीनंतर चित्रपट सुमारें तीस वर्षें विस्मृतींत गेला. फेइ मू हाँगकाँगला गेला व १९५१ मध्यें, पंचेचाळिशीही न गांठतां, वारला. १९८० नंतर चीनच्या चित्रपट-संग्रहालयानें नवी प्रत काढली, आणि हाँगकाँगच्या समीक्षकांनीं तिचें मोठें कौतुक केलें. २००५ मध्यें तेथील चित्रपट-पुरस्कार संस्थेनें सर्वोत्तम चिनी चित्रपटांत त्यास पहिला क्रमांक दिला. कलाकृतींना परीक्षेप्रमाणें क्रमांक लावण्याची ही हौस आम्हांस फारशी मान्य नाहीं. तथापि पूर्वींच्या निंदेपेक्षां ती कमी अविचारी खरी.

२००२ मध्यें थ्येन च्वांगच्वांग यानें तीच कथा रंगांत पुन्हां केली. चित्र देखणें आहे, परंतु त्यानें यूवेनचें निवेदन गाळलें. आणि पाहतांना सारा वेळ आम्हांस तिच्या आवाजाची उणीव भासत राहिली.