यावे की राहावे?
(साथीच्या काळातील परदेशस्थांचा थोडा इतिहास)



२०२० सालच्या एप्रिल महिन्यात आपल्या कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळी एकाच प्रश्नाची चर्चा होत होती. वडील, काका किंवा थोरला भाऊ दुबईत, दोह्यात, कुवेतमध्ये किंवा रियाधला. इकडे टाळेबंदी, तिकडे संचारबंदी आणि मध्ये विमाने बंद. रोज फोन यायचा. घरातून विचारले जाई, “कधी येताय?” तिकडून उत्तर येई, “बघतो.” या ‘बघतो’ शब्दात काय काय दडलेले होते ते मुलांना कळणे शक्य नव्हते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ मोठ्यांनाही ते कळले नाही. जो राहिला त्याला लोक म्हणाले, पैशाचा लोभ सुटत नाही. जो आला त्याला म्हणाले, आजार घेऊन आला. मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे हे दोन्ही आरोप ऐकताना मला वारंवार वाटत असे की, हे आपण पूर्वी कोठेतरी वाचले आहे. त्या वाचनातले काही येथे आपल्यापुढे ठेवतो.

या प्रश्नाचा सर्वांत जुना दाखला आपल्या समाजातील पुष्कळांना ठाऊक असेल. इ. स. ६३९ च्या सुमारास शाम देशात अमवासची प्लेगची साथ आली. खलिफा हजरत उमर (रजि.) तिकडे निघाले होते. सर्घ या सरहद्दीवरच्या ठिकाणी त्यांना साथीची वार्ता कळली. पुढे जावे की मागे फिरावे? त्यांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. आधी मुहाजिरांना विचारले, मग अन्सारांना, मग कुरैशांतील वडीलधाऱ्यांना. पहिल्या दोन्ही गटांत मतभेद पडले, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. अखेर परत फिरायचे ठरले. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण सांगितली, तिचा आशय असा की साथीच्या प्रदेशात जाऊ नये, आणि आपण असू तेथे साथ आली तर तेथून पळू नये.

परंतु कथा येथे संपत नाही. शाममधील सैन्याचे सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) हे साथीच्या प्रदेशातच होते. इतिहासकार सांगतात की, खलिफांनी त्यांना काही कामाच्या निमित्ताने मदिनेस बोलावून घेणारे पत्र धाडले. आपल्याला वाचवण्यासाठी हे बोलावणे आहे, हे अबू उबैदांनी ओळखले आणि सैनिकांना सोडून येण्यास नम्रपणे नकार दिला. मग खलिफांनी लिहिले की, निदान लोकांना दलदलीच्या जागेतून उंच, मोकळ्या हवेच्या जागी न्या. ते हलले, पण त्याच साथीत त्यांचे निधन झाले. म्हणजे एकच साथ, एकच श्रद्धा. एक थोर पुरुष वाटेतून परतला, दुसरा तेथेच राहिला, आणि इतिहासाने दोघांपैकी कोणालाही दोष दिलेला नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या वेळी मुंबईची वस्ती आठ लाखांहून थोडी अधिक होती, आणि तिच्यातील फार मोठा भाग बाहेरून आलेल्यांचा होता. रत्नागिरीकडचे लोक गिरण्यांत आणि गोदीत, घाटावरचे हमालीत, उत्तर हिंदुस्थानातील जुलाहे म्हणजे विणकर मदनपुऱ्यात. कोकणातल्या माणसाला मुंबई हे त्या काळचे परदेशच होते. आगबोटीने जायचे, खोलीत दहा-बारा जणांनी मिळून राहायचे, महिन्याला मनिऑर्डर करायची. आखातातल्या आजच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

१८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई गावोगाव निघून गेली. जे गेले ते केवळ रोगाला भ्याले असे समजू नये. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, असा समज पसरला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, तो याच भीतीपोटी. मार्च १८९८ मध्ये तपासणी पथक एका मुलीला नेऊ लागले तेव्हा मदनपुऱ्यातील जुलाह्यांनी विरोध केला आणि दंगल उसळली. परगावी आजारी पडणे म्हणजे परक्यांच्या हाती पडणे, आणि मेल्यावर आपल्या रीतीने माती मिळेल की नाही याचीही खात्री नाही. माणूस घराकडे धावतो त्यामागे हे सारे असते.

मग जे राहिले ते का राहिले? येथे एक गोष्ट मोठी मननीय आहे. गिरण्यांत पगार महिन्याने, आणि तोही काही आठवडे मागे ठेवून देण्याची पद्धत होती. म्हणजे कामगार गावाला निघाला की केलेल्या कामाचा पैसा मालकाकडे अडकून पडे. एरवी हीच बेडी माणसाला धरून ठेवी. प्लेगच्या दिवसांत ती तुटली. निम्मे कामगार गेल्यावर उरलेल्यांनी रोजचा पगार रोज मागितला, आणि मालकांना तो द्यावा लागला. एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत माणसे ओढण्यासाठी रस्त्याच्या नाक्यावर बोली लागू लागली. राहिलेल्याची किंमत वाढली. हा मुद्दा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा, कारण २०२० साली नेमके उलट घडले.

पुण्यात प्लेग मुंबईहूनच आला. शहरात तो पसरल्यावर येथूनही निम्मे लोक बाहेर पडले. टिळक शहरात राहिले. सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांची सेवा करीत राहिल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला होता. त्याच्या बळावर रँडसाहेबाच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडती सुरू केली. हिंदू असो वा मुसलमान, माजघरात आणि जनानखान्यात शिपाई शिरू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय घडले ते पाठ्यपुस्तकात आहे, त्याची पुनरुक्ती करीत नाही.

मला त्याच वर्षातील दुसरा एक माणूस आठवतो. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते, वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गेलेले. वय एकतीस, व्यवसायाने शिक्षक. (माझ्याच वयोगटातले आणि माझ्याच पेशातले, म्हणून असेल, पण मला त्यांची त्या महिन्यांतली अवस्था फार जवळची वाटते.) पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती, एकाहून एक भयंकर. शहर संकटात, आपण हजारो मैलांवर, आणि हातात केवळ पत्रे. त्या पत्रांच्या आधारावर त्यांनी शिपायांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची वार्ता विलायतेतील वृत्तपत्राला सांगितली. सरकारने पुरावा मागितला. जुलैअखेर परत आल्यावर पाहतात तो उघडपणे साक्ष द्यायला कोणी पुढे येईना, आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे तर त्यांना सांगायची नव्हती. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली; तिची बोच त्यांना पुढे कित्येक वर्षे राहिली. दूर असलेल्या माणसाचे हे दुःख वेगळेच आहे. घरचे खरे कळत नाही, आणि कळले ते खरे की खोटे हे ठरवता येत नाही. १८९७ साली पत्र काही आठवड्यांनी पोहोचे. २०२० साली मोबाईलवर क्षणात पोहोचत होते. तरी अफवा आणि खबर यांतला फरक ओळखणे सोपे झाले होते, असे मला वाटत नाही.

त्याच वर्षी हजला जाणाऱ्यांचीही वाट बंद झाली. प्लेग इतर देशांत पोहोचू नये म्हणून १८९७ च्या आरंभी मुंबई बंदरातून यात्रेकरू नेण्यास सरकारने मनाई केली. त्या काळी हजच्या मार्गावर तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना विलग ठेवण्याची व्यवस्था होती. २०२० साली सौदी सरकारने फेब्रुवारीअखेर बाहेरच्यांचा उमरा थांबवला आणि जुलैत त्या देशातच राहणाऱ्या सुमारे एक हजार लोकांना तेवढी हजची परवानगी दिली.

आता आपल्या आठवणीतले. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोरोनाबाधित पुण्यात सापडले, ते दुबईच्या सहलीहून आलेले प्रवासी होते. त्यांना नायडू रुग्णालयात ठेवले. त्या दिवसापासून ‘दुबईहून आला’ हे शब्द शहरात वेगळ्याच सुरात उच्चारले जाऊ लागले. १३ मार्चला राज्य शासनाने साथरोग कायदा लागू केला. होय, तोच १८९७ चा! पाठोपाठ परदेशाहून येणाऱ्यांच्या डाव्या हातावर, मतदानाच्या शाईसारख्या शाईने, गृहविलगीकरणाचा शिक्का मारणे सुरू झाले. जर्मनीहून आलेल्या चार प्रवाशांना असे शिक्के दिसल्यामुळे पालघर स्टेशनवर रेल्वेगाडीतून उतरवण्यात आले. शिक्का रोगाच्या दक्षतेसाठी होता, पण लोकांनी तो गुन्ह्याच्या खुणेसारखा वाचला.

२२ मार्चपासून परदेशाहून येणारी प्रवासी विमाने थांबली. त्याआधीच, १९ मार्चला, अमिरातीने बाहेर असलेल्या आपल्या रहिवाशांनाही प्रवेश बंद केला होता. त्यामुळे सुटीवर आलेले कित्येकजण इकडे अडकले, नोकरी तिकडे आणि माणूस इकडे. इकामा असूनही परत जाता येत नाही, अशी ही अवस्था. घरी असूनही ते एका अर्थी परदेशातच होते.

७ मे रोजी वंदे भारत मोहीम सुरू झाली. पहिल्या दिवशी अबुधाबीहून कोचीला आणि दुबईहून कोझिकोडला अशी विमाने आली. नौदलाच्या आयएनएस जलाश्व या जहाजाने मालदीवहून ६९८ लोक कोचीला आणले. पण मागणी किती? एकट्या अमिरातीत सुमारे दोन लाखांनी नाव नोंदवले होते. तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने भरायचे होते; लंडनहून येण्यास पन्नास हजार, अमेरिकेहून एक लाख. नोकरी गेलेले, गरोदर स्त्रिया, वृद्ध, आजारी, व्हिसा संपलेले यांना आधी जागा. शिवाय आल्यावर चौदा दिवस विलगीकरण. आपल्या शहरात आझम कॅम्पसमधील मशिदीचे सभागृह विलगीकरणासाठी देऊ करण्यात आले, ही गोष्ट येथे नमूद केलीच पाहिजे.

माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील अशा एका खोलीत आठजणांबरोबर राहत होते. वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करण्याचे काम. दोन महिन्यांचा पगार थकलेला. मी त्यांच्याशी मुलाच्या ऑनलाइन अभ्यासाविषयी फोनवर बोललो, तेव्हा त्यांनी सहज सांगितले, “सर, आलो तर हिशेब बुडतो. हिशेब सोडून आलो तर याची फी कोठून भरू? आणि येऊन करणार काय, तिथेही काम बंद.” मला तत्काळ १८९७ च्या गिरण्या आठवल्या. तीच मागे राहिलेल्या पगाराची बेडी. पण तेव्हा कारखाने चालू होते आणि माणसे नव्हती, म्हणून राहिलेल्याला रोजचा रोज पगार मिळाला. २०२० साली माणसे होती आणि काम बंद होते. राहिलेल्याच्या हाती बोलणी करायला काहीच नव्हते. या गृहस्थांना लोभी म्हणणाऱ्याने हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. ते राहिले. त्याच मोहल्ल्यातील दुसरे एकजण जूनमध्ये परत आले, कारण आई अंथरुणाला खिळलेली होती. चौदा दिवस झाले, तपासणी झाली, तरी महिनाभर शेजारच्या घरून मीठसुद्धा कोणी दिले-घेतले नाही. दोघांनाही मी भेटलो आहे. आपण बरोबर केले की चूक, हे दोघांनाही आजवर नक्की सांगता येत नाही.

पालकहो, १८९७ विषयी आपण जे वाचतो ते अधिकाऱ्यांचे अहवाल, गिरणीमालकांची निवेदने आणि वृत्तपत्रे. आगबोटीच्या धक्क्यावर वळकटी घेऊन उभा असलेला माणूस त्या रात्री काय विचार करीत होता, ते त्याने लिहून ठेवले नाही. त्याच्यासारख्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते. आपल्याला येते. म्हणून माझी एक विनंती आहे. ज्यांच्या घरचे कोणी २०२० साली परदेशात होते, त्यांनी मुलांना बसवून त्या महिन्यांची हकीकत सांगावी आणि मुलांनी ती तारखांसह वहीत उतरवावी. तिकीट, विमानतळावरचा कागद, हातावरील शिक्क्याचे छायाचित्र, कंपनीचे पत्र, जे असेल त्याची प्रत जोडावी. जे आले नाहीत त्यांचीही हकीकत हवी. तिचे महत्त्व तसूभरही कमी नाही. नावे गाळली तरी चालतील, तारखा गाळू नयेत. वह्या शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत माझ्याकडे द्याव्यात. आतापर्यंत अकरा आल्या आहेत.