तेलाकुचा आणि बेडकीचा पाला

दक्षिण बंगालात कुंपणाकुंपणावर माजणारा तेलाकुचा, म्हणजे आपली रानतोंडलीच, मधुमेहावर गुणकारी असल्याची समजूत बंगाली घरांत रूढ होती; तिची रीतसर चौकशी मात्र कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मध्ये 1921 साली औषधशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या रामनाथ चोप्रांनी केली.

टोरोंटोत इन्शुलिन नुकतेच हाती आले होते. पण ते महाग, विलायतेहून मागवायचे आणि नित्य टोचून घ्यायचे. परसातला वेल तेच काम करता तर कोणाला नको होते? चोप्रा आणि जे. पी. बोस यांनी 1925 साली दिलेला निर्वाळा प्रतिकूल होता: तेलाकुच्याने साखर उतरत नाही. 1928 साली, चटर्जींसह, त्यांनी गुडमारचा, आपल्या बेडकीच्या पाल्याचा, निकालही तसाच लावला.

या पाल्याची कैफियत मोठी गमतीची. पान चावून वर साखर खावी तर ती तोंडात वाळूसारखी लागते. तेव्हा जिभेवरची गोडी मारणारे पान रक्तातली साखरही मारीत असेल, हा तर्क लोकांना सहज पटला. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात रोग्याचे मूत्र उकळले, की साखरेच्या प्रमाणात हिरवा, पिवळा, अखेर विटकरी असा जो रंग उतरे, त्याच्यापुढे जिभेची साक्ष कोण मानणार?

गंमत अशी, की दोनच वर्षांनी, 1930 साली, मुंबईच्या हाफकिन संस्थेतले कृ. श्री. म्हसकर आणि केयस यांनी याच पाल्याने प्राण्यांची रक्तशर्करा उतरते असे प्रसिद्ध केले, आणि तो स्वादुपिंडाला चेतवून इन्शुलिन स्रवावयास लावीत असावा, असे अनुमान मांडले. ते खरे धरले, तर ज्याची ग्रंथीच थकली त्या रोग्यास हा पाला फारसा पावणार नाही, हे उघड आहे. म्हणून दोन्ही निकाल मला एकमेकांचे वैरी वाटत नाहीत. स्वदेशी औषधींचा अभिमान बाळगणाऱ्या चोप्रांनी नकार दडपला नाही, हे मला त्यांच्या होकारांहून मोलाचे वाटते.

तोंडलीचा खटला पुढेही चालूच राहिला: 2008 साली बंगळुरूच्या संशोधकांनी साठ नवमधुमेहींवर केलेल्या चाचणीत, रोज एक ग्रॅम अर्क नव्वद दिवस घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर सुमारे 16 टक्क्यांनी उतरली. तेव्हा पाला चावणाऱ्याने तो खुशाल चावावा. पण रक्त तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून इन्शुलिन बंद करू नये.