वारा कुठून कुठे? संगणकाच्या पेटीतील उष्णतेचा इतिहास

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे राष्ट्रार्पण झाले. हवामानाच्या अंदाजासाठी उभारलेल्या ‘अर्क’ आणि ‘अरुणिका’ या यंत्रणाही त्याच दिवशी देशाला मिळाल्या. अशा बातम्यांत पेटाफ्लॉप्सचे आणि कोटींचे आकडे येतात. उष्णतेचा उल्लेख सहसा येत नाही. वास्तविक संगणकात शिरलेली जवळजवळ सगळी वीज अखेरीस उष्णता होऊनच बाहेर पडते. आकडेमोडीत ती कुठे मुरत नाही. भौतिकशास्त्राच्या लेखी ५०० वॅट खाणारा संगणक आणि ५०० वॅटची शेगडी यांत भेद नाही. भेद एवढाच की शेगडी तापावी अशी आपली अपेक्षा असते.

महासंगणकाचा हा प्रश्न आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरून सुटे भाग आणून घरी संगणक जुळवणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न मुळात एकच आहे. नवा संगणक पहिल्याच दिवशी ९५ अंश सेल्सिअस दाखवतो, पंखे घोंघावू लागतात, आणि दोष नेमका कशाचा हे उमगत नाही. कॅबिनेटमध्ये पंखे आज ज्या जागी व ज्या दिशेने बसवले जातात, ती रचना निसर्गनियमातून आपोआप निघालेली नाही. ती चुकांतून आणि दुरुस्त्यांतून घडली आहे. त्या चुका एकदा नीट पाहिल्या, की घरच्या पेटीतला दोष शोधणेही सोपे जाते.

प्रारंभीच्या यंत्रांना ही अडचण लपवणे शक्यच नव्हते. १९४६ साली जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’मध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफरॅक’मध्ये सुमारे २,७०० नळ्या होत्या. निर्वात नळीत तापलेल्या तंतूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. म्हणजे उष्णता हा तिच्या कामाचाच भाग. अशा यंत्राभोवती हवा खेळवणे ही इमारतीच्या अभियंत्याची जबाबदारी होती. १९७६ च्या ‘क्रे-१’ने तर आपल्या ११५ किलोवॅटसाठी शीतकपाटातल्यासारखे फ्रीऑन खेळवले. घरगुती संगणकाला मात्र असले काही करण्याची गरज बराच काळ पडली नाही.

त्यामागचे कारण आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते. ट्रान्झिस्टरचा आकार आणि विद्युतदाब एकाच प्रमाणात घटवत गेल्यास चिपच्या दर चौरस मिलिमीटरला निर्माण होणारी उष्णता स्थिर राहते. ट्रान्झिस्टर दुप्पट झाले तरी चिप अधिक तापू नये, असा हा सुखद हिशेब होता. प्रत्यक्षात तो तंतोतंत पाळला गेला नाही. विद्युतदाब वर्षानुवर्षे ५ व्होल्टवरच राहिला आणि घड्याळाचा वेग वाढत गेला. ८०३८६ प्रोसेसरला डोक्यावर धातूचा तुकडाही लागत नसे. १९९३ च्या पहिल्या पेंटियमने सुमारे १५ वॅट उष्णता सोडली, आणि टेबलावरच्या संगणकात हीटसिंक व त्यावरचा इवलासा पंखा कायमचे आले.

इथून दिशेचा प्रश्न उभा राहतो. १९९५ साली इंटेलने मदरबोर्ड व कॅबिनेटसाठी ‘एटीएक्स’ हे मानक प्रसिद्ध केले. आजच्या बहुतेक कॅबिनेटचे मूळ तेच. त्याच्या पहिल्या आवृत्तीतील कल्पना मोहक होती. एसएमपीएसमध्ये पंखा असतोच. त्याने आतली हवा बाहेर फेकण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढावी आणि शेजारीच असलेल्या प्रोसेसरवर सोडावी. म्हणजे प्रोसेसरचा वेगळा पंखा वाचेल, आवाज आणि खर्च कमी होईल. शिवाय पेटीत बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक दाब राहिल्याने फटींतून धूळ शिरणार नाही. कागदावर यात खोट काढणे कठीण होते.

खोट उष्णतेच्या क्रमवारीत होती. त्या काळच्या एसएमपीएसमध्ये घेतलेल्या विजेचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक तिथल्या तिथे उष्णता होई. ताजी हवा आधी त्या भट्टीतून जाई आणि मग, आधीच तापलेली, प्रोसेसरपर्यंत पोहोचे. ज्या भागाला सर्वांत थंड हवेची गरज, त्याला दुसऱ्याची उष्टी हवा मिळे. प्रोसेसरची भूक वाढू लागली तशी ही रचना टिकेना. पुढच्या काही वर्षांत एसएमपीएसचा पंखा पुन्हा हवा बाहेर फेकू लागला आणि समोरून आत, मागून व वरून बाहेर ही आजची वाट रूढ झाली. मानक ठरवणाऱ्यांनी दिशा एकदा चुकवली होती, हे लक्षात ठेवले तर घरी पंखा उलटा बसवणाऱ्याने फार ओशाळण्याचे कारण नाही.

यानंतरचा दशकभराचा काळ उष्णतेच्या बाजूने गेला. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू प्रोसेसरवरून हीटसिंक उचलून काय होते ते चित्रित केले. पेंटियम ४ स्वतःचा वेग घटवून चालत राहिला, पेंटियम ३ थिजला पण वाचला, आणि एएमडीचे ॲथलॉन क्षणात जळून गेले. तापमान वाढताच वेग कमी करण्याची शिस्त आज प्रत्येक प्रोसेसरमध्ये आहे. तिचा एक दुष्परिणामही आहे. संगणक आता जळत नाही. तो गुपचूप मंदावतो, आणि मालकाला दोष असल्याचे कळतही नाही.

२००४ च्या फेब्रुवारीत आलेला ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ पुढे ११५ वॅटपर्यंत पोहोचला. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले होते की बंद असतानाही त्यांतून प्रवाह झिरपत होता. झिरपण आणखी वाढू नये म्हणून विद्युतदाब घटवता येईना. डेनार्डचा हिशेब तिथे संपला. मे २००४ मध्ये इंटेलने प्रेस्कॉटचा नियोजित वारस ‘तेजस’ रद्द केला. एकाच गाभ्याचा वेग वाढवत नेण्याचा मार्ग सोडून अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरकडे सगळा उद्योग वळला, तो मुख्यतः उष्णतेपायी. त्याच सुमारास इंटेलने ‘बीटीएक्स’ हे नवे मानक पुढे केले होते. त्यात प्रोसेसर पेटीच्या अगदी पुढे, थेट पंख्यासमोर होता; हवा सरळ रेषेत त्याच्यावरून ग्राफिक्स कार्डकडे जाई. हवेच्या दृष्टीने ही रचना एटीएक्सपेक्षा सरस होती. परंतु २००६ मध्ये ‘कोअर २’ प्रोसेसर आले, उष्णता एकाएकी कमी झाली आणि बीटीएक्स मागे पडले. निकड संपली आणि चांगली रचना हरली. आज ३०० वॅटची ग्राफिक्स कार्डे १९९५ च्या आराखड्यात बसवली जातात, ती त्यामुळेच.

आता पेटीतल्या हवेचा हिशेब. ३०० वॅट वाहून न्यायचे आणि हवा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, तर दर सेकंदाला सुमारे २६ लिटर हवा पेटीतून जायला हवी. १२० मिलिमीटरचे एकदोन चांगले पंखे एवढे करू शकतात, वाट मोकळी असेल तर. गरम हवा वर जाते म्हणून पंखे वरच हवेत, हे वारंवार ऐकू येते. ४० सेंटिमीटर उंचीच्या पेटीत १० अंशांच्या फरकामुळे निर्माण होणारा दाब साधारण ०.१५ पास्कल भरतो. साध्या पंख्याचा कमाल दाब १० ते २० पास्कल असतो. पंखा चालू झाला की ‘गरम हवा वर’ हा नियम हिशेबातून जवळजवळ वजा होतो. हवा पंखा ढकलेल तिकडे जाते. म्हणूनच वरच्या झाकणावर पुढच्या टोकाला बसवलेला, बाहेर फेकणारा पंखा कधी कधी नुकसान करतो. समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरला स्पर्श होण्याआधीच तो उडवून लावतो.

दोष शोधताना तापमान किती आहे यापेक्षा ते किती वेळात चढले हे अधिक बोलके ठरते. भार देताच दोन-चार सेकंदांत तापमान शंभराकडे उडी घेत असेल, तर उष्णता चिपमधून हीटसिंकमध्ये शिरतच नाही. कूलरच्या तळाचे संरक्षक प्लास्टिक काढायचे राहिले आहे, थर्मल पेस्ट नाही, किंवा एखादा स्क्रू अर्धवट बसला आहे. हवेची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पंधरा हजारांश असते; म्हणून केसाएवढी पोकळीही महागात पडते. उलट तापमान दहा-वीस मिनिटांत हळूहळू चढत असेल, तर चिप ते हीटसिंक हा दुवा ठीक आहे. धातू, पाणी आणि पेटी यांच्या तापण्याला लागणारा तो वेळ आहे, आणि अडचण हवेच्या वाटेत आहे. खातरजमेसाठी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून तोच भार पुन्हा द्यावा. तापमान बरेच उतरले तर पेटी गुदमरते आहे. फारसा फरक पडला नाही तर पुन्हा कूलरकडे वळावे.

पंख्याची दिशा ओळखायला उपकरण लागत नाही. मोटार धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या ज्या बाजूस, त्या बाजूने हवा बाहेर पडते. शंका राहिली तर उदबत्तीचा धूर दूर धरून पाहावा. समोर काचेचे सबंध तावदान असलेली कॅबिनेट दिसायला देखणी असतात, पण पंख्यांना श्वास घेऊ देत नाहीत. पाण्याच्या कूलरमध्ये पंप हा वळशातला सर्वांत उंच बिंदू नसावा, नाहीतर हवेचे बुडबुडे तिथेच साचतात. त्याची जोडणी पंख्यासाठीच्या नियंत्रित पिनांवर केली असेल तर तो विनाकारण रेंगाळत नाही ना, हेही पाहावे. चार पिनांच्या पंख्याला मदरबोर्ड सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद असा संकेत देतो आणि त्यातील ‘चालू’चा वाटा बदलून वेग ठरवतो. ही वारंवारता मानवी कानाच्या पलीकडे राहावी अशीच निवडलेली आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते आणि आवाजही बराच वाढतो. तेव्हा वेग वाढवणे हा उपाय शेवटी करावा.

९५ हा आकडा दिसला म्हणजे दोष आहेच असेही नाही. २०२२ च्या रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसर पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे स्थिर राहावेत असेच घडवलेले आहेत. त्यांच्याबाबत वेग आणि वॅट किती मिळतात ते पाहावे लागते.

भारतीय वाचकासाठी आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. २००३ च्या सुमारास इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन दिले. बाजूच्या पत्र्याला प्रोसेसरसमोर भोक व नळकांडे असावे आणि खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यात शिरणारी हवा ३८ अंशांपेक्षा अधिक नसावी. आपल्या बाजारांतल्या तेव्हाच्या अनेक कॅबिनेटवर ते नळकांडे दिसे. पण नागपूर, जयपूर किंवा प्रयागराजच्या मे महिन्यात वातानुकूलन नसलेली खोलीच ४० वर जाते. पंख्याने संगणक खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. तो फक्त खोली आणि चिप यांतील अंतर कमी करतो. थंड देशातील चाचणीत २२ अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारा संगणक इथे त्याच भाराला ९३ दाखवेल, आणि त्यात काहीही बिघडलेले नसेल. तुलना करायची तर खोलीचे तापमान वजा करून करावी. पत्रा काढून टेबलफॅन लावण्याची आपल्याकडील पद्धत काही काळ उपयोगी पडते. नंतर हीटसिंकच्या पात्यांत धुळीची गादी बसते आणि मिळवलेले अंश परत जातात.

खरगपूरच्या आयआयटीत मार्च २०२२ मध्ये लोकार्पण झालेल्या १.६६ पेटाफ्लॉप्सच्या ‘परम शक्ती’मध्ये हाच प्रश्न कपाटाच्या मागच्या दारात सोडवला आहे. पंखे पुढून घेतलेली हवा सर्व्हरवरून मागे ढकलतात. दारातच पाण्याच्या नळ्यांचे जाळे असते, तापलेली हवा त्यातून जाताना उष्णता पाण्याला देते आणि निवून दालनात परतते. महासंगणकांच्या आणि डेटा सेंटरच्या अशा कपाटांत सर्व्हर नसलेल्या रिकाम्या जागा पट्ट्या लावून बंद करण्याची रीत आहे, कारण तेवढ्या फटीतूनही मागची गरम हवा पुढे येते आणि पंखे तीच पुन्हा आत ओढतात.